तमिळमध्ये डोक्यावर वीज पडत नाही, ‘इडि’ पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची सून तमिळ आहे, घरातली एक वाईट बातमी कळल्यावर विहीणबाई फोनवर म्हणाल्या, ‘तलैयिल इडि विळुंद मादिरि इरुक्कु’. यांनी मोबाईलवर ‘इडि’ शब्द शोधला तर अर्थ आला ढगांचा गडगडाट. मग गडगडाट डोक्यावर पडतो कसा, आणि तमिळ लोकांत मेघगर्जना शुभ मानतात की अशुभ, असे दोन प्रश्न त्यांनी विचारलेत. मी २२ वर्षं तमिळ-मराठी भाषांतर करतेय, त्यातली सुरुवातीची ९ वर्षं चेन्नईत काढली, आणि याच शब्दाने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. विहीणबाईंच्या वाक्याचा अर्थ ‘डोक्यावर वीज कोसळल्यासारखं वाटतंय’ एवढाच, त्यात शाप नाही, अपशकुन नाही, कोणाला उद्देशून काही नाही. मोबाईलने दिलेला अर्थ चूक नाही पण अर्धा आहे, कारण तमिळमध्ये इडि हा नुसता आवाज नव्हे. इडि म्हणजे घाव, वरून येऊन आदळणारा दणका, आणि ढगातला आवाज हा त्या दणक्याचा आवाज.

हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. आम्ही चेन्नईत मैलापूरला भाड्याने राहायचो, खाली घरमालकीण पाट्टी, म्हणजे आजी. मे महिन्याची दुपार, लाईट गेलेली, मी जिन्यात बसले होते आणि पाट्टी उंबऱ्याशी बसून रसमसाठी छोट्या दगडी खलात मिरी कुटत होत्या, त्या खलाला इडिकल्लु म्हणतात. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं काय करताय, त्या म्हणाल्या ‘मिळगु इडिक्किरेन’, मिरी कुटतेय. पाचेक मिनिटांत आभाळ भरून आलं आणि पहिला दणका बसला. पाट्टींनी हातातला बत्ता खाली ठेवला आणि मला म्हणाल्या ‘इडि इडिक्कुदु, तुणि एडु’, म्हणजे गडगडतंय, वाळत घातलेले कपडे काढून आण. मी वर गच्चीवर पळाले, कपडे गोळा केले, आणि दोरीवरचा शेवटचा टॉवेल ओढताना माझ्या लक्षात आलं की पाट्टींनी मिरीसाठी वापरलेलं क्रियापद आणि आभाळासाठी वापरलेलं क्रियापद एकच होतं! खलात बत्ता जे करतो तेच वर आभाळ करतंय.

आपल्याकडे आजी सांगायची की आभाळात म्हातारी हरभरे भरडतेय. म्हणजे आपल्या कानाला तो आवाज जात्याचा वाटला, गरगर फिरणारा, गडगड लांबत जाणारा. तमिळ शब्दात जातं नाही, मुसळ आहे. हा फरक डोक्यात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं जाईल.

आता हे क्रियापद रोजच्या बोलण्यात किती ठिकाणी येतं बघा. पीठ कुटायचं असेल तर ‘माव इडिक्किरदु’. बसमध्ये कोणी धक्का मारत असेल तर ‘इडिक्कादींग’, म्हणजे ढकलू नका हो, चेन्नईच्या बसमध्ये हे दिवसातून दहादा ऐकू येतं. पलंगाच्या पायाला अंगठा आपटला तर ‘काल इडिच्चिक्किट्टेन’. बिल्डिंग पाडायची तेही इडिक्किरदु. आणि याचंच एक भावंड आहे ज्यात कर्ता कोणी नसतो, गोष्ट आपोआप ढासळते, पावसात जुनी भिंत पडली की ‘सुवरु इडिंजु पोच्चु’. कुटणं, धडकणं, पाडणं, ढासळणं आणि गडगडणं, सगळं एका धातूच्या पोटात. इडियाप्पमसुद्धा यातलाच, तांदळाचं पीठ कुटून करायचा म्हणून ते नाव असं बहुतेक तमिळ घरांत सांगतात. आपल्या मालवणातले शिरवाळे डोळ्यासमोर आणा, साधारण तोच पदार्थ, तिकडेही नारळाच्या दुधाबरोबर खातात. त्याचा ढगांशी काही संबंध नाही, शब्द मात्र तोच.

एक म्हण आहे जी तुमच्या सुनेलाही नक्की माहीत असेल: ‘उरलुक्कु ओरु पक्कम इडि, मत्तळत्तुक्कु रेंडु पक्कमुम इडि’. उखळाला एका बाजूने मार, मृदंगाला दोन्ही बाजूंनी मार. आई आणि बायको यांच्यात सापडलेला माणूस, मालक आणि युनियन यांच्यात सापडलेला सुपरवायझर, अशा सगळ्यांसाठी ही म्हण वापरतात. इथे इडि म्हणजे निव्वळ मार, घाव. गडगडाटाचा इथे पत्ताच नाही.

म्हणून विजेपासून इमारत वाचवायला वर जी धातूची सळई लावतात, जिला आपण तडितरक्षक वगैरे म्हणतो, तिला तमिळमध्ये ‘इडितांगि’ म्हणतात. तांगि म्हणजे तोलून धरणारी, झेलणारी. जुन्या रस्त्यांच्या कडेला डोक्यावरचं ओझं टेकवायला दगडी चौकटी असायच्या, त्यांना सुमैतांगि म्हणतात, ओझं झेलणारी. तसा हा घाव झेलणारा. विज्ञानाच्या हिशेबात ती सळई वीज जमिनीत नेते, आवाजाशी तिचा काहीच संबंध नाही, तरी नावात इडि आहे, कारण तमिळ माणसाच्या लेखी आभाळातून जे खाली येऊन मारतं ते इडिच.

माझी चूक इथेच झाली होती. तेव्हा मी भाषांतरात नवीन होते, कोइम्बतूरकडच्या एका पंप कंपनीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करायचं काम मिळालं, तिकडे पाण्याच्या मोटारी मोठ्या प्रमाणावर बनतात आणि आपल्याकडे शेतावर येतात. त्यात एक वाक्य होतं की इडि पडून मोटार बिघडली तर वॉरंटी लागू नाही. मी डिक्शनरी बघून लिहिलं, ‘ढगांच्या गडगडाटामुळे मोटार बिघडल्यास वॉरंटी मिळणार नाही’. पुस्तिका छापली गेली. मग एका शेतकऱ्याने डीलरला विचारलं की गडगडाटाने मोटार जळते कशी, आणि पावसाळ्यात तर रोजच गडगडतं, मग तुमची वॉरंटी आहे कधी? त्यांचं बरोबर होतं. पान नव्याने छापावं लागलं आणि माझं त्या कामाचं मानधन त्यात गेलं. पैशाचं तेव्हा वाईट वाटलंच, पण जास्त हे लागलं की जिन्यातला तो दिवस आठवत असूनही मी डिक्शनरीवर विश्वास ठेवला. तेव्हापासून इडि दिसली की मी आधी थांबते आणि बघते, इथे काय आहे, आवाज आहे की घाव.

मराठीत बरोबर उलटं आहे, आणि हे आपल्याला सहसा जाणवत नाही. आपली वीज चमकते, आपली वीजच पडते, आणि आवाजसुद्धा आपण तिलाच देऊन टाकलाय, ‘विजांचा कडकडाट’ म्हणतो. ढगांच्या वाट्याला फक्त लांबचा गडगडाट. म्हणजे मराठीने आवाजही विजेला दिला आणि तमिळने घावसुद्धा गडगडाटाला दिला. तमिळ ‘मिन्नल’ म्हणजे फक्त चमक, लखलख, तिच्यातला ‘मिन’ घेऊन त्यांनी करंटला मिन्सारम केलं आणि ईमेलला मिन्नंजल, जसं आपण विजेवरून वीजबिल केलं. जोडशब्दातही ते आधी इडि म्हणतात मग मिन्नल, ‘इडि मिन्नल’, जरी डोळ्याला आधी चमक दिसत असली तरी.

शेजारच्या भाषांत परत वेगळं आहे. तेलुगूत गडगडाट म्हणजे उरुमु आणि पडते ती पिडुगु, कन्नडमध्ये गुडुगु आणि सिडिलु, सोलापूर-जतकडच्या लोकांनी हे शब्द ऐकले असतील. तिथे आवाज वेगळा, घाव वेगळा. मल्याळमचं मात्र तमिळसारखं आहे, तिथेही इडि. आणि गंमत म्हणजे तेलुगूतला हा उरुमु जुन्या तमिळ कवितेत जागोजागी सापडतो.

त्या कवितांबद्दल थोडं लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण शुभ-अशुभाचं उत्तर तिथे आहे. संगम काळातली, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची, कुरुंदोगै नावाच्या संग्रहातली १५८वी कविता अव्वैयार या कवयित्रीची आहे. रात्र, पाऊस, जवळ प्रियकर नाही, आणि ती बाई पावसाशीच बोलते. अर्थ असा: उंच डोंगरांच्या कुशीत साप मरतील असा आदळणाऱ्या, प्रचंड वेगाच्या उरुमुचा दरडावणारा आवाज बरोबर घेऊन, वाऱ्यासोबत आलेल्या, दिवस भरलेल्या गर्भिणीसारख्या महापावसा, तुला जरासुद्धा दया नाही का? हिमालयालाही हलवशील अशी तुझी ताकद, आणि इथे तर जोडीदार जवळ नसलेल्या बिचाऱ्या बायका आहेत, मग हे कशासाठी?

एवढ्याशा कवितेत बघा किती आहे. ‘आदळणाऱ्या’साठी मूळ शब्द ‘इडिक्कुम’, म्हणजे पाट्टींच्या खलातलं तेच क्रियापद. साप मेघगर्जनेने मरतात ही समजूत तेव्हापासूनची, आणि आजही शाळेत मुलांना वाक्प्रचार शिकवतात ‘इडियोसै केट्ट नागम पोल’, गडगडाट ऐकलेल्या नागासारखा, म्हणजे भीतीने गारठलेला. पाऊस गर्भिणी आहे, म्हणजे जीव देणारा आहे, आणि त्याच पावसाच्या हातात जीव घेणारा घाव आहे. ती बाई त्याला शिव्या देत नाही, दया कर म्हणते, तू एवढा मोठा आणि आम्ही एवढ्याशा, हे तुला शोभतं का असं विचारते. मला ही कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवता आलं नव्हतं.

आणि ‘दरडावणारा आवाज’ लक्षात ठेवा. इडिचा आणखी एक अर्थ आहे जो मराठी माणसाला चटकन सापडत नाही, खडसावणं, स्पष्ट शब्दांत कान उघडणं. तिरुक्कुरळ हा तमिळमधला जुना नीतिग्रंथ, दोन-दोन ओळींच्या पद्यांचा, त्या पद्यांना कुरळ म्हणतात. त्यातल्या ४४८व्या कुरळमध्ये कवी वळ्ळुवर म्हणतात, ‘इडिप्पारै इल्लाद एमरा मन्नन केडुप्पार इलानुम केडुम’. ज्या राजाजवळ खडसावणारं कोणी नाही, ज्याला राखणारं कोणी नाही, तो राजा वैरी नसला तरी नाश पावतो. त्याच्या आधीच्याच कुरळमध्ये उलट बाजू, खडसावणारे सोबती ज्याने जवळ ठेवलेत त्याचं वाकडं करायची कोणाची टाप आहे? ‘इडिप्पार’ म्हणजे कुटणारे, दणका देणारे, गडगडणारे, सगळं एकदम. आजच्या लिखित तमिळमध्येही कडक उपदेशाला इडित्तुरै म्हणतात. म्हणजे तमिळ विचारात इडि पडणं नेहमी वाईटच असतं असं नाही, जवळच्या मोठ्या माणसाची इडि ही राजालाही हवी असते. मला वाटतं तमिळमधला हा सगळ्यात सुंदर अर्थ आहे आणि भाषांतरात सगळ्यात आधी तोच हरवतो.

आता शुभ बाजू. आंडाळ या वैष्णव संत कवयित्रीच्या तिरुप्पावै या पदसंग्रहातलं चौथं पद मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तमिळनाडूत घराघरांत आणि विष्णूच्या देवळांत पहाटे ऐकू येतं. त्यात ती पावसाच्या देवाला सांगते की समुद्रात शिर, पाणी भरून वर ये, विष्णूच्या अंगासारखा काळा हो, त्याच्या हातातल्या चक्रासारखा चमक, त्याच्या वलंपुरि म्हणजे उजव्या वळणाच्या शंखासारखा घुमत राहा, शार्ङ्ग धनुष्यातून सुटलेल्या बाणांसारखा बरस, जग जगावं म्हणून बरस. वीज झाली चक्र, गडगडाट झाला शंख, सरी झाल्या बाण. शब्द बघा, इथे आंडाळ इडि म्हणत नाही, ‘अदिर्न्दु’ म्हणते, थरथरत घुमून. तिला घाव नकोय, घोष हवाय. शैव संत कवी माणिक्कवासगर यांच्या तिरुवेंपावैमध्येही असंच पावसाला बोलावणं आहे, तिथे देवी आहे, वीज म्हणजे तिची बारीक कंबर आणि गडगडाट म्हणजे तिच्या पायातल्या सोन्याच्या पैंजणांचा नाद. शैव घरातली मुलगी पैंजण ऐकते, वैष्णव घरातली शंख ऐकते, ढग एकच.

(अदिर या शब्दाचाच पुढे अदिर्च्चि झाला, म्हणजे धक्का. तमिळ पेपरात कोणी काही ऐकून हादरलं की ‘अदिर्च्चि अडैंदार’ लिहितात.)

अजून एक शब्द मुळंगु, तो ढगालाही चालतो, शंखालाही, नगाऱ्यालाही, समुद्रालाही. मोर्चात घोषणा दिल्या तर त्याही मुळक्कम, आणि सभेत कोणी जोरदार भाषण केलं की इडिमुळक्कम. ढग आणि नगारा यांचं नातं फार जुनं आहे. सिलप्पदिकारम या जुन्या तमिळ महाकाव्यात कावेरीच्या मुखाशी असलेल्या पुहार शहरातला इंद्राचा उत्सव आहे, आणि त्याची दवंडी द्यायला जो राजनगारा हत्तीवर चढवतात तो आणतात कुठून, तर वच्चिरक्कोट्टम म्हणजे वज्राच्या देवळातून. इंद्राच्या वज्राचं देऊळ आणि तिथे ठेवलेला नगारा! हे वर्णन वाचलं की तमिळ माणूस एखाद्या वक्त्याच्या आवाजाला इडिमुळक्कम का म्हणतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

घरगुती समजुती पटकन सांगते. जोराचा दणका झाला की मोठी माणसं ‘अर्जुना, अर्जुना’ म्हणतात आणि पोरांनाही म्हणायला लावतात, पाट्टीही कानावर हात ठेवून तेच म्हणायच्या. अर्जुन इंद्राचा मुलगा, शिवाय खांडववन जळताना त्याने इंद्राचा पाऊस बाणांनी अडवला होता, म्हणून बापाला मुलाचं नाव ऐकवायचं असं सांगतात. काही लोक म्हणतात की तो शब्द उच्चारताना तोंड उघडतं आणि कानाला दडा बसत नाही. गडगडाटानंतर जमिनीतून काळान म्हणजे अळंबी वर येतात असं गावाकडे म्हणतात, आपल्या कोकणातही हे ऐकलंय. गोपुरावरचे कलश म्हणजे प्राचीन इडितांगि असा मेसेजही फिरत असतो, त्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे की नुसता वर धातू बसवून भागत नाही, तो जाड पट्टीने जमिनीशी जोडलेला लागतो, तेव्हा देवळात आहोत म्हणून निर्धास्त राहू नका, गडगडायला लागलं की उघड्या प्रांगणातून आत छपराखाली जा.

रोजच्या कानावर पडणारी इडि मात्र हवामानाच्या बातम्यांतली. ‘ओरिरु इडंगळिल इडियुडन कूडिय मळै’, एखाद-दोन ठिकाणी गडगडाटासह पाऊस, हे वाक्य तमिळनाडूत लहान पोरांनाही पाठ असतं. त्यांचा मोठा पाऊस आपल्यासारखा जूनचा नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस त्याच तीन महिन्यांत. एप्रिल-मेमधला पाऊस म्हणजे कोडै मळै, आपला वळीव, तोही खूप गडगडतो. इडि सगळ्यात जास्त ऐकू येते ती या वळवात आणि मग ऑक्टोबरच्या संध्याकाळी, नोव्हेंबरनंतर समुद्रावरच्या वादळांचा जो संततधार पाऊस लागतो तो त्यामानाने मुकाट पडतो.

एक दुरुस्ती आधीच करून ठेवते नाहीतर कोणीतरी विचारेल. हल्लीच्या तमिळ पेपरात ‘मिन्नल ताक्कि’ म्हणजे वीज कोसळून मृत्यू, असंही सर्रास छापून येतं. शाळेतलं विज्ञान आणि सरकारी सूचना यांच्यामुळे मिन्नलही आता मारायला लागली आहे. पण घरात, भांडणात, दुःखात अजून इडिच पडते. शिवी द्यायची तरी ‘उन तलैयिल इडि विळ’, आणि धक्का बसला तरी इडि.

तेव्हा भाषांतर करताना मी असं करते. बातम्यांत इडियुडन असेल तर गडगडाटासह किंवा मेघगर्जनेसह. काही पडलं, जळलं, माणूस गेला तर वीज पडली. मनाला धक्का असेल तर डोक्यावर वीज कोसळली किंवा आभाळ कोसळलं, यातलं ‘आभाळ कोसळलं’ मला जास्त आवडतं कारण इडिमध्ये ढासळणंही आहे. आणि वळ्ळुवरांचं इडिप्पार आलं तर खडसावणारे, तिथे गडगडणारे लिहिलं की अर्थ गेला.

विहीणबाईंना परत फोन कराल तेव्हा इडि या शब्दावर काही बोलू नका. तमिळमध्ये तुम्ही त्यांचे ‘संबंदि’ लागता, आणि अशा वेळी संबंदिने फोन केला याचं तिकडे फार मोल असतं. ‘कवलैप्पडादींग, नांग इरुक्कोम’ एवढं म्हणा, काळजी करू नका, आम्ही आहोत. उच्चार चुकला तरी चालेल, सुनेकडून एकदा ऐकून घ्या.